‘शिळा सण’ खरंच शिळा असतो का?

एका वाचकताईंनी विचारलं आहे: शेजारच्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या आजींकडे त्यांच्या सासूबाईंच्या हातची सणांची जुनी यादी आहे. तीत ‘शिळा सण’, ‘बिरड्याचा रोजा’, ‘दारफाळणीचा सण’ अशी नावं आहेत आणि एका ठिकाणी ‘सकाळी मशिदीत जाणे’ असं लिहिलं आहे. सण शिळा कसा असेल? आणि ज्यूंच्या यादीत मशीद आणि रोजा कुठून आले?

आधी सरळ उत्तर. शिळा सण म्हणजे योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवशीचा सण. योम किप्पूर हा ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, त्यांच्या पंचांगातल्या तिश्री महिन्याची दहावी तिथी. त्या दिवशी कडक उपवास असतो आणि सगळा दिवस प्रार्थनेत जातो. दुसऱ्या दिवशी दानधर्म करायचा, सोयऱ्याधायऱ्यांकडे जायचं, त्यांना घरी बोलवायचं. मोठा दिवस काल झाला, आज त्याचाच उरलेला भाग, म्हणून शिळा.

या नावात कमीपणा अजिबात नाही. ‘शिळा’ हा शब्द संस्कृत ‘शीतल’वरून आला आहे. मुळात तो फक्त थंड झालेला. जे काल शिजलं आणि रात्रभर निवलं, ते शिळं. श्रावणातल्या शीतला सप्तमीला आपण शिळासप्तमी म्हणतो आणि आदल्या दिवशीचं अन्न श्रद्धेने खातो, तेव्हा त्या ‘शिळा’ला कोणी नाक मुरडत नाही. ‘शिळी बातमी’, ‘शिळ्या कढीला ऊत’ या प्रयोगांनी शब्दाला नंतर वास लागला. शिवाय सणाच्या दुसऱ्या दिवसालाही स्वतंत्र नाव द्यायची सवय मराठीत जुनी आहे. संक्रांतीनंतरच्या किंक्रांतीला अनेक घरांत नुसतं ‘कर’ म्हणतात. शिळा सण हा त्याच घडणीचा शब्द आहे. हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी ते हिब्रूतून उचललेलं नाही, मराठीत विचार करूनच ठेवलेलं आहे.

लिहिताना मात्र एक काळजी घ्या. ही नावं बहुतेकांना इंग्रजी पुस्तकांतून भेटतात आणि रोमन लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ एकच होतात. मग परत मराठीत आणताना कोणी ‘शिला सण’ लिहितो आणि सण एकदम दगडाचा होतो. तुमच्या आजींच्या सासूबाईंनी ‘शिळा’ असंच लिहिलं असेल, तर ती यादी मोलाची आहे. तिचा फोटो काढून ठेवा.

आता बाकीची नावं. एकटं ‘शिळा सण’ घेतलं तर गंमत वाटते, पण सगळी नावं शेजारी ठेवली की त्यांतून एका समाजाचं जगणं दिसायला लागतं.

‘दारफाळणीचा सण’ म्हणजे खुद्द योम किप्पूर. फाळणी म्हटलं की आज आपल्याला १९४७ आठवतं, पण इथे अर्थ दारं लावून घेण्याचा आहे. दाराच्या फळीशी त्याचं नातं असावं असं मला वाटतं. कोकणातल्या बेने इस्राएली घरांत त्या दिवशी सगळे पांढरे कपडे घालत, दार लावून घरात बसत आणि बाहेरच्यांशी संबंध टाळत. नाव त्या दाराचं. आता योगायोग पाहा. योम किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेला हिब्रूत ‘नेइला’ म्हणतात आणि त्याचा अर्थही बंद करणं, दरवाजे मिटणं असाच आहे. तिथे दरवाजे स्वर्गाचे किंवा मंदिराचे. मराठी नावात नेइलाची अंधुक आठवण उरली आहे असं म्हणायचा मोह होतो, पण माझा कौल घराच्या दाराला आहे. कारण या यादीतली जवळपास सगळीच नावं घरातल्या वस्तूंवरून पडली आहेत.

उदाहरणार्थ ‘अनाशी ढाकायचा सण’. हा पेसाह, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा वसंतातला सण. ‘ढाकणे’ म्हणजे झाकणे, हे आपल्याला माहीत आहे. अनास म्हणजे घरात आंबट द्रव साठवायचं मातीचं भांडं. ते आंबट कालवणात, चटणीत वापरायचं. पेसाहच्या दिवसांत हे भांडं झाकून बाजूला ठेवायचं, हात लावायचा नाही. धर्मग्रंथ सांगतो की पेसाहमध्ये आंबलेलं, फुगलेलं काही घरात नको. त्याला हिब्रूत ‘हामेत्स’ म्हणतात, आणि शिरक्याला म्हणतात ‘होमेत्स’. दोन्ही एकाच धातूचे. कोकणातल्या बायकांना ‘हामेत्स’ हा शब्द माहीत नसला तरी त्यामागची गोष्ट पक्की माहीत होती: आंबट ते झाका. शब्द हरवला आणि आचार राहिला याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

‘खिरीचा सण’ तिश्रीतलाच, खिरीवरून नाव पडलेला. नव्या धान्याची, नारळाच्या दुधातली, गुळाची खीर. ‘नव्याचा सण’ म्हणजे रोश हाशाना, ज्यूंचं नववर्ष. इथे सगळे ‘नव्याचा’चा अर्थ नव्या वर्षाचा असा लावतात. मला त्यात थोडी शंका आहे. कोकणात ‘नवं’ म्हटलं की आधी नवं धान्य डोळ्यांपुढे येतं. आश्विनी पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा, नव्याची पुनव म्हणतात. तिश्री महिना साधारण त्याच सुमाराला येतो, भात कापणीला आलेलं असतं, आणि आजूबाजूच्या कोणाचंही वर्ष तेव्हा सुरू होत नसतं. अशा गावात ‘नव्याचा सण’ हे नाव शेजाऱ्यालाही न समजावता कळलं असणार. त्यात वर्षही आलं आणि भातही आलं.

‘बिरड्याचा रोजा’ हे नाव रायगडकरांना सांगावं लागणार नाही. मोड आणलेल्या, सोललेल्या वालाचं बिरडं. हा उपवास आव महिन्याच्या नवमीचा, जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्याच्या शोकाचा. हिब्रूत तिशा बेआव. शोकाच्या या दिवसांत मांस वर्ज्य असतं, म्हणून बिरडं. आव महिना आपल्या आषाढ-श्रावणाच्या आसपास पडतो. म्हणजे आजूबाजूच्या घरांतही त्या दिवसांत मासळी बंद आणि बिरडं शिजत असायचं. एका घरी श्रावण, एका घरी जेरुसलेमचा शोक, आणि चुलीवर एकच भाजी.

पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत. पुरीम ही राणी एस्तेरची गोष्ट, होळीशी तिचा काही संबंध नाही. पण दोन्ही पंचांगं चंद्राचे महिने सूर्याच्या वर्षाशी जुळवून घेणारी आहेत. पुरीम अदार महिन्याच्या चौदाव्या तिथीला येतो, होळी फाल्गुनी पौर्णिमेला. अधिक महिने दोन्हींत वेगवेगळ्या वर्षी पडतात, त्यामुळे कधी अंतर पडतं, पण अनेकदा ते शेजारी शेजारी येतात. २०२४ साली पुरीम आणि होळी दोन्ही २४ मार्चला होते आणि पेसाहचा पहिला दिवस आणि हनुमान जयंती दोन्ही २३ एप्रिलला. छापील हिब्रू दिनदर्शिका हाताशी नसलेल्या गावात गावची होळी हीच पुरीमची आठवण करून देत असणार, असा माझा अंदाज आहे.

या नावांमागे परिस्थिती काय होती ते थोडक्यात. समाजाची परंपरा सांगते की अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेल्या मोजक्या माणसांचे हे वंशज. पुस्तकं बुडाली. जवळ उरलं ते शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस पाळणं, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. ते कोकणात तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’. आडनावं गावांवरून पडली: केहिमकर, नौगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, कित्येक पिढ्या नव्हतंच. सगळा धर्म स्वयंपाकघरात, ओटीवर आणि दारात चालायचा, आणि सणांची नावंही तिथूनच पडली: दार, भांडं, खीर, बिरडं. ही नावं बायकांनी ठेवली आणि जपली असं मी म्हणेन, कारण त्यांतली प्रत्येक गोष्ट त्यांच्याच हाताखालची आहे.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, रोजा आणि मशीद. कोकणात हे लोक मुसलमान शेजाऱ्यांमध्येही राहिले. मूर्ती नाही, एकच देव, सुंता, हलाल-हरामसारखे नियम, या सगळ्यांसाठी बोलीत तयार शब्द होते ते फारसी-अरबीतून आलेले. म्हणून उपवास ‘रोजा’ झाला, एलुल महिन्यातल्या उपवासांना ‘रमजान’ हे नाव मिळालं आणि संदेष्टा एलियाहूच्या दिवसाला ‘एलियाहू हन्नाबीचा ऊरूस’ म्हणू लागले. हा ऊरूस शेवात महिन्याच्या पौर्णिमेला. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे, तिथे नवस फेडायला लोक जातात. त्याला जोडून ‘मलिदा’. फारसीत मालीदा म्हणजे चुरलेलं, कुस्करलेलं. बेने इस्राएलांचा मलिदा गोड पोह्यांचा, खोबरं घातलेला, सोबत फळं आणि सुका मेवा. ताट मधोमध ठेवून एलियाहूचं स्तवन म्हणतात. लग्न ठरलं, घर घेतलं, आजारातून कोणी उठलं, की मलिदा. मराठी वर्तमानपत्रांत ‘मलिदा लाटला’ म्हणून हा शब्द बदनाम झाला आहे, पण या घरांत तो आजही आभाराचा शब्द आहे.

मशीदही तशीच आली. बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी उभारलं. ते लष्करी अधिकारी होते, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटले आणि आपल्या लोकांसाठी प्रार्थनाघर बांधलं अशी कथा आहे. त्याचं हिब्रू नाव शआर हाराहमीम, दयेचं दार. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. तो रस्ता आजही सॅम्युअल स्ट्रीट आहे, आणि जवळच्या मशीद स्टेशनचं नाव याच सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात. याउलट पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं ओहेल डेव्हिड, १८६७ चं, लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं; पुणेकरांनी त्याला ‘लाल देऊळ’ केलं. ते बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या ज्यूंचं, आणि नाव ठेवलं ते बाहेरच्यांनी. ‘मशीद’ हे बेने इस्राएलांनी स्वतः आपल्या जागेला दिलेलं नाव आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, म्हणून तुमच्या यादीतला ‘मशिदीत’ हा शब्द कोणी चूक समजून खोडू नये.

मंडळाच्या पदांतही हेच दिसतं. सिनेगॉगचा प्रमुख ‘मुकादम’, त्याच्या खालोखाल ‘चौगुला’, खजिनदार ‘गबाई’, प्रार्थना म्हणणारा ‘हज्जान’, सेवेकरी ‘शमाश’, आणि लग्न-तंटे पाहणारा ‘काजी’. मुकादम आणि काजी अरबीतून, चौगुला थेट आपल्या गावगाड्यातून, पाटलाचा मदतनीस असायचा तो. गबाई, हज्जान, शमाश हिब्रूतून. एका बैठकीत तीन भाषा, आणि बोलणं सगळं मराठीत.

हिब्रू नावं नंतर आली. परंपरेप्रमाणे डेव्हिड राहाबी नावाच्या बाहेरून आलेल्या गुरूने या लोकांना ओळखलं आणि शिकवलं. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे शिक्षक आले. मिशनऱ्यांनीही हिब्रू शिकवली. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, निघाली, १८७४ मध्ये पुण्यात दुसरी; तिच्या चित्रात लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून पेसाहची बिनखमिराची भाकर करताना दाखवल्या आहेत. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ च्या सुमाराला समाजाचा इतिहास लिहिला, तो १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. वरची बरीच नावं त्यांनी लिहून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत पोचली.

आज ठाण्यातल्या १८७९ च्या शआर हाशामायीम सिनेगॉगच्या निमंत्रणात किंवा अलिबागच्या इस्राएल आळीतल्या कार्यक्रमात तुम्हाला योम किप्पूर, सिम्हात तोरा (धर्मग्रंथाचं वाचन पुरं झाल्याचा सण) अशीच नावं दिसतील. ते स्वाभाविक आहे. समाजाचा मोठा भाग इस्राएलमध्ये गेला आहे आणि तिथे सगळे ज्यू हीच नावं वापरतात. पण मराठी शब्दकोशांत ‘शिळा सण’, ‘बिरड्याचा रोजा’ यांना स्वतंत्र नोंद मिळायला हवी असं माझं ठाम मत आहे. ते मराठीचे शब्द आहेत, मराठी माणसांनी मराठी घरांत घडवलेले. तेव्हा आजींना विचारा की सासूबाई ‘अनाशी’ कसं उच्चारत, ‘फाळणी’ म्हणत की ‘फळणी’, आणि शिळ्या सणाला घरात काय शिजायचं. उत्तर मिळालं की तारीख आणि गावाच्या नावासह लिहून ठेवा.