रोटरी पिकअप: पाठीवर घेईल, मागे बांधू नका

मागच्या अंकात माझ्या १९७४च्या माझदा रोटरी पिकअपचा (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणाऱ्या इंजिनाची गाडी) जाता जाता उल्लेख झाला आणि चार पत्रं आली. गाडीबद्दल एवढी पत्रं या सदराला पूर्वी कधी आली नव्हती, म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच देतो.

काका, फ्रेस्नोजवळ एका शेतावर १९७४ची रोटरी पिकअप विकायला आहे. इंजिन सुरू होतं, पण मालक म्हणतो, 'थोडं कमी ओढतं.' बाहेरून रंग चांगला आहे. बागेतली खतं, रोपं, पाइप न्यायला घ्यावी का? बघायला गेल्यावर काय काय पाहू?
— फ्रेस्नोहून एक वाचक

आधी रंग विसरा आणि खिशात लोहचुंबक घेऊन जा. इंजिन दमलं असेल तर उघडून पुन्हा बांधता येतं. चांगला कारागीर, नव्या सील आणि काही हजार डॉलर लागतात, पण काम होतं. सडलेला पत्रा मात्र तुम्हाला कुठेही मिळणार नाही. ही गाडी माझदानं १९७४ ते १९७७ या काळात फक्त अमेरिका आणि कॅनडासाठी बनवली, खुद्द जपानमध्ये विकलीच नाही. सगळ्या मिळून पंधरा-सोळा हजार निघाल्या असतील, त्यातल्या बहुतेक १९७४च्याच. दरवाजे आणि केबिन त्या काळच्या साध्या माझदा पिकअपशी जुळतात, तेवढे शोधले तर सापडतात. पण चाकांवरचे ते फुगीर मडगार्ड, पुढची जाळी, मागचे गोल दिवे आणि फुगवट्याचा हौदा या गाडीचेच. हौदा गेला की नवा येत नाही.

म्हणून चुंबक फिरवा. मागच्या चाकांवरच्या फुगवट्यांवर, केबिनच्या खालच्या मागल्या कोपऱ्यांवर, दाराखालच्या पट्टीवर आणि काचेच्या खालच्या कडेवर. जिथे चुंबक धरत नाही तिथे पुट्टी (लांबी) भरलेली आहे, वर कितीही चकाकी असो. मग हौद्याकडे या. या गाडीची बॅटरी बॉनेटखाली नसून हौद्याखाली असते. तिथे वर्षानुवर्षं ॲसिड सांडलेलं असतं, म्हणून त्या जागेच्या आजूबाजूला अंगठ्यानं दाबून बघा. कुरकुर आवाज आला तर किंमत उतरवा. अंगठाच आत गेला तर घरी परत या.

आता 'थोडं कमी ओढतं' याबद्दल. हे वाक्य रोटरीचा मालक म्हणतो तेव्हा कान टवकारायचे. या इंजिनात पिस्टन नाहीत, वॉल्व्ह नाहीत. दोन त्रिकोणी रोटर दोन घरांत फिरतात आणि त्रिकोणाच्या प्रत्येक टोकावर एक पट्टीसारखी सील असते. तिला एपेक्स सील म्हणतात. ती घराच्या भिंतीवर सतत घासत राहते. माझदाच्या रोटरी विभागाचे प्रमुख केनिची यामामोतो यांच्या लोकांनी १९६०च्या दशकात या सीलपायीच वर्षं घालवली. ती थरथरत फिरे आणि भिंतीवर ओरखडे काढी. त्या ओरखड्यांना त्यांनी 'सैतानाची नखं' असं नाव दिलं होतं. १९६७च्या कॉस्मो गाडीपर्यंत त्यांनी ते आवरलं. पण सील झिजली किंवा तुटली की ताकद जाते, हे आजही खरंच आहे.

तपासणी अशी करा. इंजिन चांगलं गरम होऊ द्या. प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग असतात, एकूण चार. एका रोटरचा एक प्लग काढा, कॉइलची वायर सोडून ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून भोकाजवळ कान द्या. फुस, फुस, फुस असे तीन सारखे श्वास यायला हवेत. एकच जोरात आणि दोन मलूल आले तर त्या दोन बाजूंमधली एपेक्स सील गेली. तिन्ही मलूल असतील तर टोकाच्या एका सीलवर भागणार नाही, अख्खं इंजिन उघडावं लागेल. रोटरीचा दाब मोजायचं खास यंत्र असलेला कारागीर मिळाला तर उत्तमच. आकडा शंभर पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास आणि तिन्ही बाजूंना सारखा हवा. एक बाजू १०५ आणि दुसरी ७० यापेक्षा तिन्ही ९५ असलेलं इंजिन मी केव्हाही घेईन.

दुसरं, गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून सुरू करायला सांगा. पाण्यात बुडबुडे येत राहिले आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघाला, तर पाण्याची सील गेलेली. ही गोष्ट एपेक्स सीलपेक्षा जास्त वेळा दिसते आणि विकणारे ती कमी वेळा सांगतात. निळसर धूर थोडा असेल तर घाबरू नका. रोटरी मुद्दामच थोडं इंजिन ऑइल जाळते, सीलला वंगण मिळावं म्हणून. ऑइल जळत नसेल तर उलट चिंता करायची, कारण मग ऑइल सोडणारा छोटा पंप बंद पडलेला असतो.

आणि कॅलिफोर्नियात आहात म्हणून सांगतो: १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना इथे स्मॉग तपासणी (धुराची तपासणी) लागत नाही. १९७६ आणि १९७७च्या गाडीला लागते, आणि तिच्यावर मूळचा थर्मल रिॲक्टर (न जळलेलं पेट्रोल बाहेर जाळणारा भाग), हवेचा पंप सगळं जागेवर हवं. ते सुटे भाग शोधताना माझ्या ओळखीच्या दोघांची वर्षं गेली. १९७७ची केबिन थोडी लांब आहे, पाच गिअर आहेत, बसायला ती नक्कीच बरी. तरी कामाला वापरायची असेल तर तुमच्यासाठी १९७४चीच बरी. पत्रा धड असेल तर घ्या.

आमच्या मंडळाच्या ढोलपथकाला गणपतीसाठी गाडी हवी आहे. नवऱ्याला रोटरीचं वेड. त्याचं म्हणणं, ११० हॉर्सपॉवर आहे म्हणजे बारा ढोल तर नेईलच, शिवाय उन्हाळ्यात आमचा ३,००० पौंडांचा कॅम्पर योसेमिटीला ओढून नेईल. बरोबर आहे का?
— सॅन होजेहून एक वाचक

अर्धं बरोबर आहे. बारा ढोल ही पिकअप आनंदानं नेईल. ढोल जागा खूप घेतो पण वजन फार नसतं. बारा ढोल, चार ताशे, टिपरू-काठ्या आणि झेंडे मिळून तीन-साडेतीनशे पौंडांच्या पुढे जाणार नाहीत. हौदा साधारण सहा फुटी आहे. ढोल उभे न ठेवता आडवे ठेवा, खाली जुनी गोधडी अंथरा आणि पट्टा फाळक्याला न बांधता हौद्याच्या कडांना बांधा. वर ताडपत्री हवीच. सप्टेंबरच्या उन्हात ढोलांची पानं तडकतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

कॅम्पर मात्र नको. यजमानांना हे दाखवा, मी मनापासून लिहितो आहे.

गाडी स्वतः सुमारे २,८०० पौंडांची आहे. तिच्याहून जड वस्तू तिच्या मागे बांधली तर उतारावर कोण कोणाला नेतंय ते सांगता येत नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम, असे ब्रेक या गाडीपुरते चांगले आहेत, दोन गाड्यांपुरते नाहीत. आणि हॉर्सपॉवरचा आकडा इथे फसवतो. ओढायला लागतो तो टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, तोही इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्या होत असताना. या १,३०८ सीसीच्या इंजिनाचा टॉर्क १२० पौंड-फुटांच्या आत आहे आणि तोही साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास येतो. त्याच काळातलं फोर्डच्या पिकअपमधलं ३०० घनइंची सहा सिलिंडरचं इंजिन जवळपास दुप्पट टॉर्क देतं, आणि तेही जवळजवळ चालण्याच्या वेगाला. हे रोटरीचं वैगुण्य मानू नका, तिचा पिंडच तसा आहे. ती पळणारी आहे. मी कोल्हापूरला वडिलांच्या वर्कशॉपमध्ये एक सिलिंडरच्या ऑइल इंजिनांवर वाढलो. ते इंजिन धाप-धाप करत विहीर उपसायचं आणि फेऱ्या मोजता यायच्या. रोटरीला तसं वागवलं तर ती मरते.

माझीच मेली. १९८६च्या ऑगस्टमध्ये एका मित्राचं सामान भाड्याच्या ट्रेलरवर घालून मी हायवे १२०नं योसेमिटीकडे निघालो होतो. तुमचा रस्ता तोच. वाटेत प्रीस्ट ग्रेड लागतो. जुना रस्ता दोनच मैलांत पंधराशे फूट चढतो, म्हणून मी नवा, वळणावळणाचा घेतला. घाटात गाडी चौथ्या गिअरवर धरून ठेवली, कारण वडिलांनी शिकवलं होतं की इंजिन ओरडू द्यायचं नाही. पेडल पूर्ण दाबलेलं, फेऱ्या दोन हजार, बाहेर शंभर फॅरनहाइटच्या वर. काटा चढताना दिसला. वर पोचल्यावर थांबू म्हटलं, मैलच राहिला होता. तेवढ्यात इंजिनातल्या रोटरच्या घरांचा आकार बदलला आणि पाण्याची सील गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला तर पांढरा धूर. ते इंजिन मी तोवर तीन वर्षं स्वतःच्या हातानं सांभाळलं होतं.

त्यानंतर मी स्वतःला घालून घेतलेले नियम असे आहेत. ट्रेलर सामानासकट हजार पौंडांच्या वर नाही, आणि तोही सपाटीवर. त्यातलं दहा टक्के वजन हिचवर (गाडीला ट्रेलर जोडायच्या सांध्यावर) यायला हवं, कमी आलं तर ट्रेलर शेपटी हलवतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर लावला की वेगाची मर्यादा ५५ मैल, ती पाळाच. चढ दिसला की आधीच तिसरा टाकायचा आणि इंजिन चार हजारांवर गाऊ द्यायचं. आवाज होतो, पण त्या आवाजातच तिचं आरोग्य आहे. रेडिएटरइतकंच लक्ष ऑइल कूलरवर द्या. रोटरीत उष्णतेचा मोठा वाटा ऑइल वाहून नेतं, त्यामुळे कूलरच्या जाळीत किडे आणि गवत अडकलं की पाण्याचा काटा नीट असूनही आतलं इंजिन तापलेलं असतं. ऑइलच्या तापमानाचा वेगळा मीटर बसवून घ्या. काटा नेहमीच्या जागेवरून बोटभर जरी हलला तरी गाडी बाजूला, तिथेच, पुढच्या वळणावर नाही.

कॅम्परसाठी दुसरी गाडी भाड्यानं घ्या. रोटरीला ढोल द्या.

सुनेकडे अमेरिकेत आलो आहे, तुमचं सदर वाचलं. साताऱ्याला माझी डिझेल पिकअप लिटरला १४ किलोमीटर देते. तुमची रोटरी किती देते?
— सध्या न्यू जर्सीत, एक वाचक

रिकामी, हायवेवर, गॅलनला १५-१६ मैल, म्हणजे लिटरला साडेसहा किलोमीटर. माल भरला की पाच. रोटरीची ज्वलनाची जागा लांब आणि चपटी असते, त्यामुळे उष्णता भिंतींना जाते आणि थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. ते बाहेर जाळायला थर्मल रिॲक्टर बसवला होता, आणि त्याला जळायला काही मिळावं म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्तच सोडलेलं. ऑक्टोबर १९७३मध्ये तेलाचं संकट आलं आणि ही पिकअप नेमकी त्याच्या पाठोपाठ बाजारात आली. एवढ्या कमी गाड्या का निघाल्या, त्याचं मोठं कारण हेच.

माझे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांची रोटरी पिकअप गॅरेजमध्ये तशीच उभी आहे, त्यांच्या आजारपणापासून बंद, म्हणजे सहा वर्षं झाली. मुलगा दिवाळीला येतोय आणि म्हणतो, नवी बॅटरी आणून सेल्फ मारू. मारू द्यावा का?
— सॅक्रमेंटोहून एक वाचक

ताई, लगेच नको. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ही गाडी सुरू व्हावी असं मलाही फार वाटतं, म्हणून क्रम लिहून देतो. मुलाला हे पान कापून द्या.

पहिल्या दिवशी सेल्फला हात लावायचा नाही. चारही प्लग काढायचे आणि प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे स्वच्छ इंजिन ऑइल सोडायचं. सहा वर्षांत सील खाचेत चिकटलेल्या असतात. कोरड्या फिरवल्या तर तुटतात आणि भिंत ओरबाडतात. रात्रभर राहू द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानं फिरवायचं, समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेनं, हळूहळू. अडलं तर जोर करायचा नाही, आणखी ऑइल, आणखी एक रात्र. सहज फिरू लागलं की पुढचं काम.

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाकायचं. त्याचा वास व्हार्निशसारखा येत असेल तर कार्ब्युरेटरही उघडून धुवायला लागेल. रबरी नळ्या सगळ्या बदला, पेट्रोलच्या आणि पाण्याच्याही. इंजिन ऑइल, पाणी नवं. ब्रेकचं ऑइलसुद्धा, आणि ब्रेक धरतात याची खात्री झाल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर न्यायची नाही.

मग प्लग न लावता, कॉइलची वायर सोडून, भोकांवर जुना टॉवेल धरून थोडा सेल्फ मारायचा, म्हणजे आतलं ऑइल बाहेर उडेल. त्यानंतर नवे प्लग लावून सुरू करायची. पहिल्याच प्रयत्नात पेटली नाही आणि पेट्रोलचा वास यायला लागला तर इंजिन पेट्रोलनं भरलंय. प्लग काढून वाळवायचे, तासाभरानं पुन्हा. एकदा सुरू झाली की पंधरा मिनिटं तरी बंद करायची नाही. थंड रोटरी सुरू करून लगेच बंद केली तर पुन्हा भरते, यजमानांनाही ते माहीत असणार.

सुरुवातीला धूर खूप होईल, सगळं गॅरेज पांढरं होईल इतका. ते ऑइल जळतंय. गॅरेजचं दार आधीच पूर्ण उघडून ठेवा आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा.