उतारा किती शब्दांचा?

जूनपासून शिक्षक-पालकांच्या पत्रांतून एकच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत येतो आहे: मुलांना वाचायला किती द्यायचं?

दुसरीला उतारा किती शब्दांचा असावा? सरकारच्या 'निपुण भारत' अभियानात ४५ ते ६० सांगितलेत ना? (शिक्षिका, गुहागर)

बाई, तो वेग आहे, दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द. तो उताऱ्याच्या लांबीचा आकडा नाही. प्रत्येक प्रशिक्षणात हे सांगतो, तरी घड्याळ लावून मोजणं सुरूच. शिवाय मराठीत शब्द मोजणं फसवं. 'आई घरी आली' हे तीन शब्द आणि 'विहिरीपलीकडच्या' हा एक! दापोलीकडच्या एका शाळेत तिसरीतला मुलगा 'बंदरावरच्या'पाशी अडला. 'बंद... रावर... च्या'. बाप रोज बंदरावर होडी लावणारा! मी शब्द सांगितला नाही, त्याची 'आवरच्या' ही शेपटी अंगठ्याने झाकली. 'बंदर!' ओरडला, पुढचं आपोआप जुळलं. म्हणून आधी लांब शेपट्यांचे शब्द आणि जोडाक्षरं बघा, मग ओळी मोजा. शंभर शब्दांत दहाहून जास्त चुका झाल्या तर उतारा जड. पाचांच्या आत असल्या तर मूल एकटं वाचेल. मधल्यांना तुम्ही शेजारी बसा. आणि वाचून झाल्यावर 'काय झालं गोष्टीत?' हे विचारल्याशिवाय वेगाचा आकडा वहीत लिहू नका.

मोठा धडा कापून छोटा केला तर? (शिक्षक, देवगड)

कापू नका, तोडा. चार-पाच ओळींवर थांबून 'आता पुढे काय होईल?' विचारा.

दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी एकत्र. चार उतारे कुठून आणू? (शिक्षक, राजापूर)

विषय एकच ठेवा, समजा भातलावणी. कुणाला सुटे शब्द, कुणाला चार वाक्यं, कुणाला पूर्ण गोष्ट. गट इयत्तेवर नको, पातळीवर करा. आपल्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, इतरांचे उतारेही मागून घ्या.

घरी मालवणी बोलतो म्हणून मुलगा मागे पडतो का? (पालक, मालवण)

नाही. बोला मालवणी.

मुलगी चौथीत, वाचताना अडखळते. शेजारी म्हणतात, वाढत्या वयात सुटेल. एक क्लासवाला महिन्यात वेग दुप्पट करून देतो म्हणतो, पुस्तकांचा संचही घ्यायला लावतोय. (पालक, वेंगुर्ला)

शेजाऱ्यांचं ऐकू नका, संच घेऊ नका. शाळेच्या कपाटात तशी पुस्तकं असतात, मागा. पण दिवाळीपर्यंत थांबूही नका. आधी डोळे तपासून घ्या, मग याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा आणि तुमच्यासमोर तिच्याकडून दुसरीचा उतारा वाचून घ्यायला सांगा. तिथेही अडली, तर तज्ज्ञाकडे न्यायचं का हे त्यांच्याशी बोलूनच ठरवा.