गव्हाच्या शेतीवर उभी राहिलेली छोटी गावं वसली कशी आणि ओस का पडली?

सगळ्या गावांचं सांगत बसत नाही, एकाचंच सांगतो, कारण त्याच्याबद्दल वाचल्यापासून ते डोक्यातून जातच नाहीये. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं निकोडेमस.

१८७७ साली केंटकीहून आलेल्या काळ्या कुटुंबांनी हे वसवलं, त्यातली कितीतरी माणसं गुलामीत जन्मलेली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळायची, अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहून ती कसायची. लोक जाहिराती बघून निघाले, रेल्वेने एलिसला उतरले आणि तिथून पुढे पन्नासेक किलोमीटर पायी. पुढच्या वर्षी आलेल्या विलियाना हिकमन यांची आठवण नोंदलेली आहे, नवरा म्हणाला ते बघ निकोडेमस, पण यांना गाव काही दिसेचना, नुसता जमिनीतून धूर वर येताना दिसत होता. त्या माळावर घर बांधायला लाकूडच नव्हतं ना, म्हणून माणसं जमीन खोदून आत राहत होती आणि तो त्यांच्या चुलींचा धूर होता. हिकमनबाईंना रडूच कोसळलं. मला तर नुसतं वाचून गलबलून आलं.

घोडे, नांगर मोजक्याच लोकांकडे, बाकीच्यांनी गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली ती जमीन कुदळ-फावड्याने फोडली. तरी दहा वर्षांत शाळा, चर्च, हॉटेल, दुकानं, अगदी दोन वर्तमानपत्रंसुद्धा!

मग आला रेल्वेचा प्रश्न. गहू वजनाला जड, घोडागाडीने लांब न्यायचा तर नफा वाहतुकीतच जातो, त्यामुळे कोठारं रुळाला लागून उभी राहतात आणि दुकानं कोठारांच्या मागोमाग जातात. मिसुरी पॅसिफिकची लाइन यावी म्हणून १८८७ मध्ये गावाने १६,००० डॉलरचे बाँड मंजूर केले, पण ती आलीच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने रूळ टाकले ते सॉलोमन नदीच्या दक्षिणेला, तिथे बोग नावाचं गाव उभं राहिलं आणि निकोडेमसचे व्यापारी तिकडे गेले.

दुष्काळाने गाव संपलं असं बरेच जण म्हणतात, मला ते अर्धवट वाटतं. १९३० च्या दशकातल्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी कंबरडं मोडलं हे खरंच, पण पहिला घाव त्या काही मैल लांब गेलेल्या रुळांचा. पोस्ट ऑफिस १९५३ ला बंद झालं. १९९६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता मिळाली.

आता तिथे राहणारी माणसं अगदी थोडी. पण दरवर्षी जुलैअखेरीस, गव्हाची कापणी उरकलेली असते त्या सुमारास, पहिल्या कुटुंबांचे वंशज कुठून कुठून गावी परत येतात.