फुटबॉलमध्ये ब्राझीलचा रोनाल्डिन्यो की फ्रान्सचा झिदान, कोणाचा खेळ बघायला जास्त मजा यायची?

निव्वळ मजेसाठी रोनाल्डिन्यो, तोही 2004 ते 2006 मधला, बार्सिलोना क्लबचा. पुढे काय करणार हे बचावपटूलाच काय, टीव्हीसमोर बसलेल्यालाही कळायचं नाही. त्याचा इलास्टिको स्लो मोशनमध्ये बघा: उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू उजवीकडे ढकलतो, समोरच्याचा तोल तिकडे गेला की तोच पाय चेंडूभोवती फिरवून आतल्या कडेने डावीकडे खेचतो. पाय चेंडूपासून जेमतेम सुटतो. मार्च 2005 मधला चेल्सीविरुद्धचा गोलही असाच फसवा. जागच्या जागी उभा, कंबर जराशी हलवली आणि बुटाच्या टोकाने फटका. पाय मागे गेलाच नाही, त्यामुळे गोलकीपर चेकला अंदाज यायला वावच नव्हता. (सामना मात्र चेल्सीने 4-2 ने जिंकला.) त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रेआल माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावर त्याने दोन गोल केले तेव्हा रेआलच्याच प्रेक्षकांनी उठून टाळ्या वाजवल्या, आणि समोर रेआलकडून झिदान खेळत होता!

फक्त एक: करामतींपेक्षा चेंडू अलगद थांबवणं आणि सामन्याची लय हातात ठेवणं आवडत असेल, तर झिदानच. 2006 च्या विश्वचषकातला ब्राझील-फ्रान्स उपांत्यपूर्व सामना पूर्ण बघा. दोघेही मैदानात आहेत, पण लक्ष जातं ते झिदानकडे.