पुण्यातल्या श्रीमंत मित्रांत नवीन आहेस? आधी एवढंच सांभाळ

श्रीमंत मित्रांत अवघडल्यासारखं होतं, कोण खरा कोण दिखाऊ कळत नाही, हे तुझं वाचून माझं 2011 साल आठवलं. परभणीहून आलो होतो. कोरेगाव पार्कातल्या पहिल्याच पार्टीत दोन तास कोपऱ्यात उभा राहून मनातल्या मनात एकेकाला नावं ठेवत होतो. तीच पहिली चूक. कुणाशी धड बोललोच नाही.

सुरुवातीला तीन गोष्टी पुरेत.

1. पैशाचं पहिल्या दिवशीच स्पष्ट सांग. "माझं बजेट 200 आहे, मी फक्त कॉफी घेतो," बस्स. मी मुकाट्यानं बिल समान वाटून घेत गेलो आणि 20 तारखेला मेसचे पैसे द्यायला खिशात काही नाही! मित्रांना बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता.

2. जागा तूही सुचव. रविवारी पहाटे सिंहगडावर घेऊन जा, आणि गाडीनं नाही, पायवाटेनं. दम लागला की गाड्यांच्या गप्पा आपोआप थांबतात. आमच्यातल्या सगळ्यात भपकेबाज पोरानं वर पिठलं-भाकरी खाताना, बुक्कीनं कांदा फोडत सांगितलं, की वर्षभर वडील त्याच्याशी बोललेले नाहीत. मला काय बोलावं सुचेना. त्यानंतर त्याच्या घड्याळाकडे माझं कधी लक्ष गेलं नाही.

3. उसना थाट नको. हप्त्यावर महागडा फोन तर मुळीच नको.

कोण खरा, कोण दिखाऊ हा निवाडा सहा महिने बाजूला ठेव. आणि बोली बदलू नकोस. माझं 'काय करायलास?' आता त्या सगळ्यांच्या तोंडी आहे.

या रविवारी एकाला तरी 'सिंहगडावर येतोस का?' असं विचारून बघ.