मिठाची फाइल

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. धोरणाच्या टेबलावर पहिलीच फाइल आयोडीनयुक्त मिठाची आली म्हणून हिरमुसू नकोस. मेंदू, कायदा आणि मतं एकमेकांत इतकी गुंतलेली दुसरी फाइल सहसा हाती येत नाही.

विज्ञान तुला ठाऊक आहे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचा मेंदू आईच्या थायरॉक्सिनवर, म्हणजे आयोडीनपासून बनणाऱ्या थायरॉइड संप्रेरकावर वाढतो आणि तेव्हाची तूट पुढे भरून निघत नाही. म्हणून १९६२चा गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९९२मध्ये आयोडीन न्यूनता विकारांचा झाला. गलगंड दिसतो तरी. मंदावलेल्या बुद्धीवर सभागृहात कोण प्रश्न विचारणार?

बिगर-आयोडीन खाद्यमिठाच्या विक्रीवर १९९८मध्ये देशभर बंदी आली, २०००मध्ये उठली, २००६मध्ये परत लागू झाली. या वादातले आक्षेप तू सुटे कर. आम्ही काय खावं हे सरकारने का ठरवावं, हा स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. त्याला लघवीतल्या आयोडीनचे आकडे (लोकांच्या पोटात किती आयोडीन जातं ते त्यांवरून कळतं) हे उत्तर नव्हे. लहान मिठागरवाल्याचा प्रश्न पोटाचा, आणि तो रास्त आहे. आयोडीनसाठी मिठात मिसळायचं पोटॅशियम आयोडेट लागतं चिमूटभर, पण फवारणी, पाकिटं आणि तपासणी यांचा खर्च लहान आगराला जड जातो. आयोडीन पुरेसं आहे तिथे सक्ती कशाला, एवढाच आक्षेप मोजून सुटणारा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सक्तीचा नियम अन्नभेसळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला, तरी तो सहा महिने चालू राहू दिला. न्यायालयाने आयोडीनच घातक ठरवलं, असं कुणी बैठकीत ठोकून दिलं तर निकालातला परिच्छेद विचार.

मोजण्यात मात्र ढिलाई नको. ग्राहकापाशी मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १५ भाग, आयोडीन हवं. चाचणी-किटचा निळा-जांभळा रंग आयोडीन आहे एवढंच सांगतो. १४ आणि १६ मधला फरक त्यात कळत नाही. त्यासाठी टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब रसायन सोडून केलेली मोजणी. १० ग्रॅम मीठ ५० मिली पाण्यात विरघळव, सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घालून १० मिनिटं अंधारात ठेव. मग ०.००५ नॉर्मल थायोसल्फेट सोड; लागलेले मिली गुणिले १०.५८ म्हणजे पीपीएम. द्रावण फिकट पिवळं झाल्यावरच स्टार्च घालायचा. घाई केली तर तो आयोडीन धरून बसतो आणि आकडा फुगतो. असे फुगलेले आकडे वरपर्यंत सगळ्यांनाच आवडतात, म्हणून जास्त सांभाळ.

लघवीच्या एका नमुन्यावरून एका बाईबद्दल काही सांगता येत नाही. मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला, फक्त गटाचा असतो. शाळकरी मुलांत लिटरला १०० ते १९९ मायक्रोग्रॅम पुरेसं, गरोदर स्त्रियांत १५० ते २४९. मुलांचा १२० आला म्हणून जिल्हा 'पुरेसा' लिहिला, की गरोदर बायकांची तूट कागदावरून गायब होते.

शेवटचं भांडण घरातलंच आहे. रक्तदाबवाला विभाग मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आणा म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. पण १५ पीपीएमच्या ५ ग्रॅम मिठातून ७५ मायक्रोग्रॅम आयोडीन मिळतं. गरोदर स्त्रीला २५० लागतं. पीपीएम वाढवता येतं, पण आधी फरसाण, बिस्किटं आणि लोणच्यांच्या कारखान्यांतलं मीठ तपासून घे. ते आयोडीनयुक्त असेलच असं नाही, आणि शहरात बरंचसं मीठ त्याच वाटेने पोटात जातं. दोन्ही विभागांची टिपणी एकाच सहीने वर पाठव. वेगवेगळी गेली तर अर्थखातं दोन्ही परत करेल.

तुझा,
सर