आधी जंगल, मग चौक

प्रिय मुली,

जोहार. तुझा प्रकल्प पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. फोन करणार होते, पण फोनवर मी चिडले की तू नुसतं "हो ताई, हो ताई" करतेस. म्हणून लिहितेय. सावकाश वाच, आणि पटलं नाही तर भांड.

वारली संस्कृतीवर वसाहतवादाचा परिणाम, असा विषय तू घेतलास. त्यात लग्नविधी आहे, तारपा आहे, देव आहेत, लुगडं नेसायची पद्धत आहे, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'आज लोप पावत चालले आहे' हे वाक्य आहे. होस्टेलवरच्या मैत्रिणींनी विचारलं, की इंग्रजांनी तुमच्या देवांना हात लावला नाही, तारप्यावर बंदी आणली नाही, उलट रेल्वे दिली, शाळा काढल्या, मग त्यांनी तुमचं बिघडवलं काय? तुला उत्तर सुचलं नाही आणि रात्री दीड वाजता मला मेसेज केलास, "ताई, माझा विषयच चुकलाय का?"

विषय बरोबर आहे. पण एवढ्या पानांत जंगल कुणाचं होतं आणि कुणाचं झालं, याबद्दल एक ओळ नाही. तिथे गाडी अडलीय. आधी जंगल, मग चौक. हे मी तुला या पत्रात चारदा सांगणार आहे, कंटाळू नकोस.

चौकाचंच घे, लग्नात भिंतीवर लिहितात त्या चित्राचं, कारण तू त्यावर सगळ्यात जास्त लिहिलंयस. तुझ्या आत्याच्या लग्नाचं वर्णन छान उतरलंय. सवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, मधे पालघाट देवी, बाजूला लग्न लावणारी धवलेरी गातेय, आणि तिचं गाणं झाल्याशिवाय लग्न लागत नाही. आता त्या चित्राच्या मागे बघ. भिंत कशाची आहे? कारवीची. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, वर शेणमाती लिंपायची, त्यावर गेरू. कारवी येते डोंगरावरून. तांदूळ येतो डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीच्या खाली असलेल्या खाचरातून, आणि त्या खाचरात पेरण्याआधी राब भाजायला लागतो, म्हणजे झाडाच्या फांद्या, पाला, गवत. पिठात बुडवायची काडी बांबूची. तारपा वाजतो तो दुधी, बांबू, ताडाचं पान आणि मेणाच्या जोरावर. यातली कुठली वस्तू दुकानात मिळायची ते मला सांग. आणि मग १८७८ चा वन कायदा काढून वाच. राखीव जंगलातून परवानगीशिवाय वस्तू आणणं हा गुन्हा. देवांना हात न लावता माणसाचं सगळं घर गुन्ह्यात कसं येतं, ते त्या एका कलमात आहे. तुझ्या मैत्रिणींना हे उत्तर दे.

थोडा क्रम सांगते, कारण तुझ्या प्रकल्पात 'ब्रिटिश काळात' असं म्हटलंयस आणि तो काळ सव्वाशे वर्षांहून जास्त आहे. पेशवाई १८१८ ला बुडाली आणि उत्तर कोकण कंपनीच्या हातात पुरतं आलं. त्याआधी डोंगरी भागात नांगरामागे किंवा कुदळीमागे पट्टी घेत. सगळं सुखाचं होतं असं चुकूनही लिहू नकोस, वेठ तेव्हाही होती. पण या डोंगरावर यंदा, त्या डोंगरावर पुढच्या खेपेला, अशी वरी-नाचणी करणाऱ्याला तो हिशोब झेपत होता. मग मोजणी आली. जमिनीचा तुकडा, त्याचा नंबर, त्याचं नाव, आणि वर्षाच्या ठरलेल्या तारखेला रोख सारा. रोख पैसा कुणाकडे होता? सावकाराकडे. पाडेच्या पाडे त्याच्या खात्यावर गेले, आणि ज्याची जमीन होती तो त्याच जमिनीवर खंडाने राबायला लागला.

इथे थांबून लिही, घाईने पुढे जाऊ नकोस. ते सावकार इंग्रज नव्हते. ते मारवाडी होते, पारशी होते, मुसलमान होते, ब्राह्मण होते. माझ्या आजोळच्या घरात अशीच गवताची कुरणं आली. आजी लहानपणी सांगायची की आपल्याकडे वारली 'घरच्यासारखे' होते. त्या घरच्यासारख्या माणसांना लग्नासाठी कर्ज देऊन नवरा-बायको दोघांना जन्मभर बांधून घेत. त्यांना लग्नगडी म्हणत. मी या कामात आले त्याचं कारण हेच आहे. वसाहतवाद म्हणजे गोरा साहेब, इतकंच लिहून तू मोकळी झालीस तर माझ्यासारख्यांच्या घरांना फुकट सोडशील. सोडू नकोस.

जंगलाचं त्यानंतर. १८६४ ला वन खातं झालं, ब्रँडिस हा जर्मन वनतज्ज्ञ त्याचा पहिला प्रमुख. त्याच सुमाराला मुंबई-सुरत-अहमदाबाद रेल्वे तुमच्या डहाणूवरून धावायला लागली. रुळाखाली लाकूड लागतं, जहाजाला साग लागतो. १८६५ ला पहिला कायदा, १८७८ ला तो कडक झाला. आधी जो हक्क होता ती सवलत झाली, आणि सवलत देणारा कधीही काढून घेऊ शकतो. राबाला फांद्या तोडण्यावर इतका गदारोळ झाला की १८८५ मध्ये सरकारला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारींसाठी चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचं नावसुद्धा तुझ्या प्रकल्पात नाही. हा आयोग तुझ्याच जिल्ह्याचा आहे, बाय! पालघर तेव्हा ठाण्यातच होतं. दारूचंही तेच. १८७८ चा अबकारी कायदा आला, १८९२ ला ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरही कायदा आला. ज्याशिवाय वारल्याचं लग्न नाही की देवकार्य नाही, ते फूल आपल्याच झाडाखालून वेचून घरी आणलं तर अंगावर गुन्हा.

तेव्हा 'व्यसनाधीनता' असं जे उपप्रकरण तू घातलंयस ते एकतर काढून टाक, नाहीतर अबकारीच्या महसुलासकट लिही.

लोक गप्प बसले होते असंही वाटू देऊ नकोस. सातपुड्यात खाज्या नाईक, भीमा नाईक १८५७-५८ मध्ये उठले. खाज्या तर आधी इंग्रजांच्याच चाकरीत सेंधव्याच्या घाटावर होता. तुमच्याकडे १९४५ चं बंड झालं, वेठ आणि लग्नगडी मोडून काढणारं. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, पाच आदिवासी मेले, त्यात जेठ्या गांगड होता. गोदावरी परुळेकर आणि किसान सभेचं नाव सगळे घेतात, घ्यायलाच हवं. पण त्या पाचांपैकी चौघांची नावं तुझ्या महाविद्यालयात कुणाला येत नाहीत. तुझ्या आजोबांच्या पिढीतल्या माणसाला विचार, त्याला येत असतील.

आता तुला न आवडणारं लिहिते. जागतिक आदिवासी दिनाला, ९ ऑगस्टला, तुम्ही स्टेजवर तारपा नाच बसवलात. व्हिडिओ पाहिला, तू छान नाचलीस. वारली चित्राला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जिव्या सोमा मशेंना त्याआधी २०११ ला पद्मश्री मिळाली, याचा तुला अभिमान आहे आणि मलाही आहे. भिंतीवरचं चित्र कागदावर उतरलं म्हणून माझी तक्रार नाही. त्यावर कित्येक घरांची चूल पेटते. पण कपावर, साडीवर, विमानतळाच्या भिंतीवर तोच गोल फिरणारा नाच छापणारं शहर त्याच पाड्यातून एक्सप्रेसवे नेतं, बुलेट ट्रेन नेतं, आणि मोजणीला आलेल्या माणसाला विचारलं की "आमची जमीन?", तर तो म्हणतो, "सातबारावर तुमचं नाव कुठाय?" चित्र सगळ्यांना हवंय, चित्रातली जमीन फक्त तुम्हाला हवीय. त्यामुळे आधी जंगल, मग चौक. स्टेजवर जरूर नाच, पण कार्यक्रमाच्या निवेदनात एक वाक्य जमिनीचं असू दे. प्राचार्यांना आवडलं नाही तर त्यांना माझा नंबर दे.

मला यावर खूप ऐकावं लागलंय. "ताई, तुम्ही लोकांना नुसतं कागदाच्या मागे लावलंत." हे म्हणणारे आमच्यातलेच आहेत, चांगले लोक आहेत. तुझ्या गावापासून जवळच एक म्हातारी धवलेरी होती. आवाज बसका, पण धान्यदेवी कणसरीचं गाणं सुरू केलं की पहाट व्हायची तरी संपायचं नाही. दरवेळी म्हणायची, भातकापणी झाली की ये, बस, लिहून घे. मी तेव्हा वनहक्काचे दावे घेऊन उपविभागीय कार्यालयात खेपा घालत होते. दोन एकर कसणाऱ्याला दहा गुंठ्यांचा पट्टा यायचा, मग अपील, मग पुन्हा मोजणी, मग साहेबांची बदली. भातकापण्या आल्या आणि गेल्या. मग ती गेली, आणि तिच्याबरोबर ती गाणी. मुलींना थोडी येतात, पूर्ण कुणालाच नाहीत.

ही खंत माझ्याबरोबरच जाईल, तिचं मी काही करू शकत नाही. पण पुन्हा निवडायची वेळ आली तरी मी कार्यालयातच जाईन, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगते. तिच्या मुलाच्या नावावर आज पट्टा आहे. तिच्या नातीचं लग्न त्याच जमिनीवरच्या घरात झालं, दुसऱ्या पाड्यातली धवलेरी आली, तिने तिची गाणी गायली. जमीन गेली असती तर तो मुलगा भिवंडीच्या वीटभट्टीवर असता आणि लग्न भट्टीच्या झोपडीत झालं असतं. तिथे प्लास्टिकच्या भिंतीवर चौक कसा लिहायचा ते माझ्या टीकाकारांनी येऊन दाखवावं. गाणं टेपमध्ये ठेवता येतं. मग ते ऐकणारे पाड्यावर राहतात कशाच्या जोरावर, हेही त्यांनी सांगावं.

असो. राग तुझ्यावर नाही.

तुला जे करता येईल ते मला करता आलं नाही, म्हणून एवढं लिहितेय. वनहक्काचा कायदा २००६ चा. त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की वसाहतीच्या काळात आणि स्वतंत्र भारतातही वनजमाती आणि जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. संसदेने हे कबूल केलंय. १९२७ चा इंग्रजांचा वन कायदा मात्र अजून चालूच आहे, दोन्ही कायदे एकाच जंगलात नांदतात, आणि गार्डच्या हातात बहुतेक वेळा जुना असतो. नव्या कायद्याचा नियम १३ नीट वाच. पुराव्यात गॅझेटियर चालतं, जुन्या मोजणीची कागदपत्रं चालतात. आणि त्याच यादीत पुढे दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब आहे, वंशावळ आहे, विहीर, दफनभूमी, देवस्थान आहे. म्हणजे गावाच्या शिवेवर चंद्र-सूर्य कोरलेला तुमचा वाघदेव आहे ना, ज्याला तू 'लोकश्रद्धा' या मथळ्याखाली दोन ओळींत उरकलंस, तो पुरावा आहे. वाघबारशीला त्याच्यापुढे कोण जमतं, किती पिढ्या जमतात, कुठल्या पाड्याची हद्द तिथे संपते, हे म्हातारी माणसं सांगतात. ते लिहून, अंगठा घेऊन, ग्रामसभेच्या ठरावासोबत लावलं की साहेबाला बाजूला सारता येत नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून ते गाव आपला बांबू आपण विकतंय. तुमच्या गावाने सामूहिक वनहक्काचा दावा भरलाय का? मला वाटतं नाही. तू विचारलंसही नसशील.

आम्ही बाहेरून आलेले लोक हे जबाब घेतो तेव्हा म्हातारे आम्हाला सरकारी भाषेत उत्तरं देतात. तुला वारलीत देतील. माझ्या फायलीतल्या जबाबात 'वडिलोपार्जित वहिवाट' असे शब्द आहेत. तुझ्या आजीने सांगितलं तर कुठल्या मोहाखाली तिची सासू बाळंत झाली ते येईल. असे दावे मी वर्षानुवर्षं बघायची वाट पाहिली.

तेव्हा प्रकल्प नव्याने लिही. मुदत वाढवून माग, मी तुझ्या सरांशी बोलते. पहिलं प्रकरण जंगल आणि जमीन, मग बाकी सगळं त्याच्या पोटात येईल: लग्न, मोह, तारपा, शाळासुद्धा. शाळेबद्दल तू विचारलंयस, त्यावर एकच सांगते, तू शिकलीस म्हणूनच हा कायदा वाचू शकतेस, त्यासाठी कुणाचे उपकार मानत बसायचं कारण नाही. आधी जंगल, मग चौक. मोजलंस ना, चौथ्यांदा सांगितलं.

या सुट्टीत गावी गेलीस की नाचाच्या सरावाला बसण्याआधी तहसीलच्या अभिलेख कक्षात जा. तुमच्या गावाचे जुने फेरफार आणि कडईपत्रक, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदी, यांच्या नकला माग. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लाव, नाहीतर पहिल्याच खिडकीतून परत पाठवतील. पोचपावती घेतल्याशिवाय उठू नकोस. "जुनं रेकॉर्ड जीर्ण झालंय" म्हणाले तर तसं लेखी द्या म्हण. आजोबांना सोबत ने, मोडी वाचणारा माणूस मी बघून ठेवते, आणि नकला हातात आल्या की रात्री कितीही वाजले तरी मला फोन कर.

तुझी
ताई